सटवाजी फिटरची हेवी

सटवाजीबाबांना कुठलीही नवी वस्तू दिसली की ते आधी तिच्यावर बोटाच्या पेरानं ठोकून पाहत. टक टक. मग मान तिरकी करून आवाज ऐकत आणि निकाल देत, "पातळ हाय."

या निकालावर अपील नसे. वाटूर फाट्यावर परतूरची एसटी येऊन थांबली की लोक जागा धरायला धावत आणि बाबा गाडीच्या कडेकडेनं ठोकत मागच्या चाकापर्यंत जात. कंडक्टर ओरडायचा, "बाबा, चढायचं का न्हाई?" बाबा म्हणायचे, "चढतो की. पन पातळ हाय, सांगून ठेवलं." किराणा दुकानातली नवी तिजोरी पातळ, पंचायतीची पाण्याची टाकी पातळ. पाटलांच्या लेकीच्या लग्नातली आहेराची परात तर भर मांडवात पातळ ठरली. नवरीची मावशी पुढं कितीतरी दिवस बाबा दिसले की पदर ओढून दुसरीकडे बघायची. एकदा आमच्या शाळेच्या तपासणीला मोठे साहेब जीपमधून आले. साहेब वर्गात पोरांना पाढे विचारत होते, तोवर बाबांनी जीपची तपासणी उरकली आणि साहेब निघताना हात जोडून सांगितलं, "साहेब, हिच्यात नका बसत जाऊ. बिलकुल पातळ हाय." साहेब हसले. पण जाताना ते अंग चोरून मधोमध बसले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

जगात फक्त एकच गोष्ट पातळ नव्हती, ती म्हणजे बाबांच्या हातची भाकरी. बायको वारल्यापासून ते स्वतःच थापत. ती भाकरी ठोकून पाहायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. ती ताटात पडली की आपोआपच वाजायची.

मी वाटूरच्या शाळेत लागलो ते सत्तर साली. गाव मोठं, फाट्याचं, चार रस्त्यांची रहदारी असलेलं. पण आमच्यासारख्याला गावात खोली मिळणं सोपं नव्हतं. आडनाव विचारेपर्यंत खोली रिकामी असायची आणि सांगितलं की तिच्यात त्याच दिवशी पाहुणे यायचे असायचे. शेवटी आमच्याच वस्तीत, गावाच्या कडेला, सटवाजी फिटरच्या अंगणात एक खोली मोकळी आहे असं कळलं. मी ट्रंक घेऊन गेलो.

"जयभीम, बाबा. खोलीसाठी आलो."

"जयभीम." त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "इथं उभे राहा. चौकटीला पाठ लावून. सरळ."

आता, माझी उंची हा काही चारचौघांत काढावा असा विषय नाही. फळ्याच्या वरच्या ओळीसाठी मला खुर्ची लागते. कवायतीला सातवीतली पोरं माझ्यापुढं उभी राहिली की मी कुणाला दिसत नाही. मुली पाहायला गेलो तेव्हा तर दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी "मुलगा बसला आहे का?" असं मी उभा असताना विचारलेलं आहे. त्यामुळे मी जरा नाराजीनंच उभा राहिलो. बाबांनी माझ्या टाळूवर आडवा तळहात ठेवला आणि तो तसाच मागं सरकवत चौकटीला टेकवला. चौकटीच्या लाकडात तिथं एक खाच होती. सुताराची खूण असेल असं मला वाटलं.

"बराबर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "राहा तुमी. खोली तुमचीच हाय."

माझी उंची पाहून 'बराबर' म्हणणारा हा मला भेटलेला पहिलाच माणूस. मी तिथंच विरघळलो. मग त्यांनी माझी ट्रंक ठोकून पाहिली आणि ती पातळ निघाली.

बाबा परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, नुकतेच काम सोडून घरी बसलेले. पण त्याआधी, तरुणपणी, जागतिक लढाईत ते फौजेत मेकॅनिक होते. दूर वाळूच्या मुलखात कुठंतरी वर्कशॉप होतं, तिथं चिलखती गाड्या दुरुस्तीला येत. संध्याकाळी अंगणात बाजेवर बसलं की बाबांची गाडी त्या गाड्यांवर यायची. त्यांच्या बोलण्यात 'हेवी' हा शब्द इतक्यांदा यायचा, की वस्तीतली माणसं पाण्याच्या जड बिंदग्यालाही हेवी म्हणायला लागली होती.

"पह्यल्यानं हलक्या गाड्या होत्या, मास्तर. पळायच्या लई. पन पातळ. मंग विलायतेत एक लॉऱ्यांचा कारखाना होता, तिथल्या साहेबाच्या मनात आलं, हेवी कामून करू ने? कोन्ही मागितली न्हाई, कोन्हाचा हुकूम न्हाई. त्यानं आपल्या मनानं आधी लाकडाची केली. मंग लोखंडाची. आन बडे साहेब लोक नव्या गाड्या पाह्यला आल्ते, तं त्या रांगीत ह्यानं आपली गाडी गुपचूप नेऊन उभी केली! वळख ना पाळख! आन बड्या साहेबाला नेमकी तीच आवडली. म्हनला, अशा पायजेत."

"खरं की काय?"

"वर्कशापात समदे सांगायचे." बाबांच्या दृष्टीनं याहून मोठा पुरावा नव्हता. "ध्यानात ठेवा मास्तर. हुकमाची वाट पाह्यची न्हाई. करायची आन रांगीत घुसवायची. एकदा पाह्यली की घेत्यात."

मी एकदा सहज विचारलं, की बाबा, हलक्या गाडीत एवढं वाईट काय होतं. बाबांनी तंबाखूची डबी उघडली, बंद केली.

"हलकी गाडी लढाईहून आली की आमी आधी पाण्याचा पाइप लावून धुवायचो. आतून." डबी खिशात टाकून म्हणाले, "हेवी आतून धुवावी लागायची न्हाई."

आणि ते रांजणातलं पाणी प्यायला उठले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मीही पुन्हा विचारलं नाही, आणि त्या दिवसापासून त्यांच्या टकटकीला हसणं मला जमेना.

त्यांच्या मुलाचं मला त्यांच्याकडून काहीच कळलं नव्हतं. शेजारच्या सखूबाईंनी सांगितलं. एकुलता एक, नाव उत्तम. बापाची इच्छा पोरानं जिनिंगमध्ये फिटर व्हावं, पोराला फौजेचं वेड. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं, पण भरतीला निघाला आणि आदल्या दिवशी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. "बाप म्हनला, गेलास तं माघारी येऊन ह्या दाराला हात लावू नको. आन पोरगं बी असलं खटाचं, गेलं ते गेलंच. माय मेली तवा बी त्याला खबर उशिरा भेटली. कागूद न्हाई, पत्तर न्हाई." मी राहत होतो ती खोली त्याचीच होती.

एकाहत्तरचा पावसाळा. लढाई होणार, होणार असं सगळीकडे बोललं जात होतं. फाट्यावरच्या हॉटेलात मी आणि बाबा चहा पीत होतो. धावडा गावचा एक जवान तिथं बसलेला होता. त्याची बहीण वाटुरात दिलेली, रजेत तिला भेटायला आला होता. बोलता बोलता निघालं, की तो आणि उत्तम एकाच ठिकाणी आहेत.

बाबांनी कपातून मान वर केली नाही. तसंच विचारलं, "काय करतो थितं?"

"ट्रक चालवतो ना. सामान पोचवायचं, पार फुडंपर्यंत."

"ट्रकवर वरून काय हाय?"

"वरून? ताडपत्री."

"बाजूला?"

"फळ्या."

"फुडं?"

"फुडं काच आसती, बाबा. फुडलं दिसाय नको का?"

बाबांनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच होता. अंगणात आल्यावर म्हणाले, "पोराच्या डोक्यावर ताडपत्री हाय, मास्तर."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तर माझी बाज नव्हती. पाय वर करून बाबांनी ती अंगणात मांडली होती, पायांना बांबू बांधले होते आणि सगळ्याभोवती जिनिंगचं बारदान गुंडाळलं होतं. मध्ये एक पाट.

"हे काय, बाबा?"

"हेवी," बाबा म्हणाले. "आधी लाकडाची करावं लागती. बसा आत."

मी बसलो. घरमालकाला नाही कसं म्हणणार? त्यांनी माझ्या डोक्यावर मूठ ठेवली आणि तिच्यावर आडवी काठी धरून खूण केली. वर मूठभर जागा पाहिजे, म्हणजे खड्ड्यात गाडी उडाली तरी टाळकं आदळत नाही, हा त्यांचा नियम. मग पाय लांब करायला लावले, हात पुढं करायला लावले. "बराबर," ते म्हणाले. पावसाळ्याचे सगळे दिवस मी जमिनीवर झोपलो.

लाकडाची झाल्यावर पत्र्याची झाली. तेलाचे डबे कापून ठोकलेली ती दुसरी गाडी, दिवाळीच्या किल्ल्याला शोभेल अशी. बाबा तिच्याभोवती फिरले, ठोकली आणि स्वतःच्याच गाडीला तोंडावर पातळ म्हणाले. तिसरी मात्र खरी. फाट्याजवळ उलटून बेवारस पडलेल्या लॉरीचा सांगाडा त्यांनी बैल लावून ओढत आणला. जिनिंगातला जुना बॉयलर भंगारात निघाला होता, त्याचं जाडजूड लोखंड आलं. मग सुरू झाली ठोकाठोक. सकाळी ठण, दुपारी ठण. माझ्या वर्गातली पोरं त्या ठोक्यावर पाढे म्हणायला लागली आणि खरं सांगतो, त्या वर्षी त्यांचे पाढे फार पक्के झाले.

गावाला फुकटची करमणूक झाली. येणारा-जाणारा विचारायचा, "काय सटवाजी, कवा निघती फौज?" कुणी म्हणे, पेरणीला द्याल का, कुणी म्हणे, वरात काढायला चांगली. एका शहाण्यानं विचारलं, "आन इंजन?"

"इंजनं फौजेपाशी लई हायेत," बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले. "फौजेपाशी पत्रा न्हाई."

आणि दर संध्याकाळी मला हाक यायची. "मास्तर, जरा बसून पाहा." वरच्या झाकणातून उतरायचं, आत बसायचं, डोक्यावर मूठ, पाय, हात, बराबर. आत बरंच शांत वाटे, म्हणून मी तिथं बसूनच पोरांच्या वह्या तपासायला लागलो. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला की शिपाई जाऊन सांगायचा, "मास्तर घरी हायेत, पन चिलखतात हायेत." मी एकदा बाबांना म्हणालो, "माझ्या मापानं कशाला करता? सैनिक चांगले उंचपुरे असतात."

"समदे नसत्यात," बाबा तुटकपणे म्हणाले. मला ते जरा लागलं.

थंडी पडली, ज्वारी कमरेएवढी झाली आणि लढाई सुरू झाली. रेडिओवर बातमी आली त्या सकाळी बाबांनी अंगावर जुना खाकी कोट चढवला. परतूरच्या स्टेशनावरून फौजेच्या मालगाड्या जातात असं कुणीतरी सांगितलं होतं. हेवी परतूरला न्यायची, फलाटाच्या कडेला उभी करायची, गाडी थांबली की रांगेत घुसवायची, असा बेत. पुढं उत्तमपर्यंत ती कशी पोचणार, हे मी विचारलं. "त्याचं नाव हाय ना गाडीवर," बाबा म्हणाले. खरंच होतं. पुढच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं लिहिलेलं होतं, 'उत्तम सटवाजी, ड्रायव्हर.'

आणि मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं, की हेवी फाटकातून निघत नाही.

सांगाडा आत आला होता तेव्हा तो सांगाडा होता. त्यानंतर बाबांनी त्याला एकावर एक पत्रे चढवले होते. जरा पातळ वाटलं की आणखी एक. गाडी रुंद होत गेली आणि फाटक होतं तेवढंच राहिलं. जमलेली माणसं पोट धरून हसली. मलाही हसू आवरेना, खोटं कशाला सांगू. बाबांनी एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा फाटकाकडं पाहिलं. घरात गेले, पहार घेऊन आले आणि स्वतःच्या बापानं बांधलेली अंगणाची भिंत पाडायला लागले.

दुसऱ्या का तिसऱ्या घावाला हसणं थांबलं. लोक नुसते उभे राहिले. मग पाटलांचा गडी पुढं झाला आणि त्यानं दगड उचलायला सुरुवात केली. तासाभरात भिंत आडवी झाली आणि पाटलांनी मळ्यातून बैल पाठवले. आणखी दोघांनी आणले. गावातले बैल आमच्या वस्तीतल्या गाडीला जुंपलेले मी वाटुरात तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्या सकाळी कुणाचे बैल कुणाच्या गाडीला, हे कुणी काढलं नाही.

हेवी निघाली. खरोखरच हेवी होती. बैलांच्या तोंडाला फेस आला, माणसांचे खांदे सोलले, आणि संध्याकाळपर्यंत आम्ही कसेबसे फाट्यापर्यंत पोचलो. तिथं रस्त्याच्या कडेला काळ्या रानात तिचं मागचं चाक उतरलं आणि रुतलं. दुसऱ्या दिवशी ओढली, आणखी रुतली. तिसऱ्या दिवशी बैल खाली बसले. बाबा रोज सकाळी डबा घेऊन फाट्यावर जात, चाकाखाली दगड घालत, फळ्या घालत. थकले की आत जाऊन बसत. मी शाळा सुटली की चहा घेऊन जायचो.

एका संध्याकाळी चहाच्या हॉटेलात एकच कल्ला उठला. लढाई संपली, आपण जिंकलो! कुणी गुलाल आणला, कुणी पेढे. पोरं हेवीवर चढून नाचायला लागली. बस थांबल्या, त्यातली माणसं खाली उतरून एकमेकांच्या गळ्यात पडली. मी पेढा घेऊन गाडीवर चढलो आणि झाकणातून आत पाहिलं. बाबा स्टेअरिंगच्या दांडीवर हात ठेवून बसले होते.

"बाबा, जिंकलो आपण!"

"व्हय, ऐकलं." त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. "मास्तर, ट्रकवाल्यांचं काय म्हनले?"

"रेडिओवर ट्रकवाल्यांचं वेगळं सांगत नाहीत, बाबा."

"सांगाय पायजे," बाबा म्हणाले.

हेवी परत अंगणात आली. येताना जरा सोपी गेली, कारण तोवर अख्खं गाव ओढायला होतं. पुढं संक्रांतीच्या सुमाराला धावड्याच्या जवानाची बहीण निरोप सांगून गेली. भावाचं पत्र आलंय, तो बरा आहे, आणि उत्तमही बरा आहे. बाबांनी "बरं झालं" एवढंच म्हटलं. मग मला म्हणाले, "मास्तर, तो त्या दिवशीचा पेढा आता खाऊन टाकतो." त्यांनी तो कोटाच्या खिशात ठेवला होता. दगड झाला होता, पण खाल्ला.

भिंत त्यांनी परत बांधली नाही. मी म्हटलं, गुरं शिरतात, बांधून घ्या. म्हणाले, "राहू द्या. कोन्ही आलं तं फाटक वाजवावं लागू ने."

बहात्तरचा उन्हाळा आला. पाऊस आधीच्या वर्षी दगा देऊन गेलेला, विहिरी तळाला गेलेल्या. सकाळची शाळा आटपून मी घरी आलो तर अंगणात एक धिप्पाड गडी उभा होता. खांद्याला पिशवी, केस बारीक कापलेले. मी त्याच्या छातीपर्यंत येत होतो. दारासमोर हातभर अंतरावर तो नुसता उभा होता.

"कोण पाहिजे?"

"सटवाजी फिटर."

"मग दार वाजवा की."

"न्हाई," तो म्हणाला. "मला ह्या दाराला हात लावायचा न्हाई."

दुसऱ्या बाजूला हेवीचं झाकण कुरकुरलं आणि बाबांचं डोकं वर आलं. आतून तेलपाणी चाललेलं होतं, हातात चिंधी होती. ते बघत राहिले. मग सावकाश खाली उतरले, चालत आले, मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हात पुढं केला आणि बोटाच्या पेरानं त्याच्या छातीवर ठोकलं. टक टक. मान तिरकी केली. बाबांनी काही ठोकलं आणि निकाल दिला नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चाल, बस," ते म्हणाले. "तुह्यासाठी केली."

उत्तमनं गाडीकडं पाहिलं. त्याचं नाव वाचलं. तो वर चढला आणि झाकणातून आत जायला लागला. आधी खांदे अडकले. एक हात वर, एक खाली करून कसाबसा आत शिरला. बसला तर डोकं वरच्या लोखंडाला लागलं. मान वाकवली, तर गुडघे हनुवटीला आले. बाबा वरून वाकून मूठ ठेवायला गेले. मूठ सोडा, तिथं बोट घालायला जागा नव्हती.

बाबा गोंधळले. कधी नव्हे ते त्यांनी माझ्याकडं मदतीसाठी पाहिलं. "मास्तर बसत्यात ना ह्याच्यात. रोज बसत्यात. बराबर बसत्यात."

मग खाली उतरले, चौकटीपाशी गेले आणि त्या खाचेवर तळहात ठेवला. "इतका व्हता," ते म्हणाले. "गेला तवा इतका व्हता, मास्तर."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. खोली मला का मिळाली, रोज संध्याकाळी मलाच का हाक यायची, उंच सैनिकांचं नाव काढलं तेव्हा ते का चिडले. मला भरून आलं आणि रागही आला. कुणावर ते कळेना.

आतून उत्तमचा आवाज आला, लोखंडामुळे घुमल्यासारखा. "वाढलो ना बाबा मी. फौजेत खायला भेटतंय."

"व्हय," बाबा म्हणाले. "वाढनारच की. माझ्या ध्यानातच न्हाई आलं."

उत्तम बाहेर आला नाही. मी चहा केला, तो त्यानं आतच घेतला. मान वाकवून, गुडघे पोटाशी घेऊन तो भर उन्हात त्या तापलेल्या लोखंडात बसून राहिला. बाबा बाहेर सावलीला उकिडवे बसून होते. दोघं एकमेकांना दिसत नव्हते. त्यामुळे बहुतेक बोलणं सोपं गेलं असावं. आईचं बोलले, ट्रकचं बोलले. मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. पण एक वाक्य ऐकलं, कारण ते उत्तम जरा मोठ्यानं म्हणाला. "चांगली हाय, बाबा. लई हेवी हाय."

रजा थोडी होती. निघताना तो पाया पडला, पिशवी उचलली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन थांबला. बाबा आतूनच म्हणाले, "जाताना दार वढून घे."

उत्तमनं वळून दाराकडं पाहिलं. मग कडीला हात घातला आणि दार हळूच ओढून घेतलं. पुढच्या रजेला येतो असं तो मला अंगणात सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी परत ठण ठण सुरू झाली. बाबांनी हेवीचं वरचं लोखंड सोडवलं होतं, ते उंच करायचं चाललं होतं. संध्याकाळी हाक आली, "मास्तर, जरा बसून पाहा." मी गेलो तर पाटावर घडी केलेली गोधडी होती. "हिच्यावर बसा. तो इतका हाय आता." मी बसलो. डोकं बरोबर आलं, पण पाय पुढं पोचेनात. तसं म्हणालो तर बाबा म्हणाले, "तुमचं सोडा. त्याचे पोचत्यात."

उत्तम पुढच्या रजेला आला नाही. त्याची बदली लांब कुठंतरी डोंगरात झाली. मग त्यानं तिकडंच लग्न केलं आणि एक फोटो पाठवला. बाबांनी तो भिंतीला लावला आणि काच ठोकून पाहिली. दर उन्हाळ्यात मात्र हेवी थोडी उंच व्हायची. एक गोधडी होती तिच्या दोन झाल्या, पुढं खाली जोंधळ्याचं पोतं आलं. मी एकदा न राहवून म्हणालो, "बाबा, आता तो काय वाढणार आहे?"

"पोरगं वाढत आसतंय, मास्तर," बाबा म्हणाले. "आपल्याला दिसत न्हाई. मागल्या टायमाला तीच चूक झाली."

माझी बदली झाली तोवर हेवी घराच्या पत्र्याला लागायला आली होती. जायच्या दिवशी सकाळी मला शेवटची हाक आली. मी पोत्यावर, दोन गोधड्यांवर चढून बसलो, पाय हवेत. बाबांनी डोक्यावर मूठ ठेवली, "बराबर" म्हणाले. मग खाली उतरल्यावर, पहिल्या दिवशी केलं होतं तसं मला चौकटीला पाठ लावून उभं केलं. तळहात टाळूवर ठेवला, मागं सरकवला. तो खाचेत जाऊन टेकला.

"तुमी तेवढेच राह्यले, मास्तर," बाबा म्हणाले. त्यांचा हात माझ्या डोक्यावरून निघेना. "लई बरं वाटलं."

एसटीची वेळ झाली होती. मी ट्रंक उचलली. मला थांबवून त्यांनी ती बोटाच्या पेरानं ठोकून पाहिली, मान तिरकी केली.

"पातळ हाय," ते म्हणाले. "जपून जावा."